एकविसाव्या वर्षाची किल्ली

इंग्लंडांत एक जुनी चाल होती. घरांतील मुलाला किंवा मुलीला एकविसावें वर्ष पुरें झालें म्हणजे वाढदिवसाच्या दिवशीं आईबाप त्याच्या हातांत घराच्या दाराची किल्ली ठेवीत. पुष्कळ घरांत ही किल्ली खरी नसे. पुठ्ठ्याची, रुपेरी कागद चिकटविलेली अशी ती शुभेच्छापत्रांच्या दुकानांत विकत मिळे. परंतु खरी असो वा खोटी, तिचा अर्थ एकच होता. आजपासून तूं केव्हांहि बाहेर जा, केव्हांहि परत ये. कोणाची परवानगी मागण्याचें तुला कारण उरलें नाहीं, असें आईबाप त्या किल्लीच्या द्वारें सांगत. दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें. त्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत ब्रिटनमधील अनेक मुली ह्या किल्लीसाठीं एकविसाव्या वर्षापर्यंत थांबेनाशा झाल्या. पंधराव्या-सोळाव्या वर्षींच त्या ती मागूं लागल्या. रात्रीं ठरल्या वेळीं घरीं परतण्याचा दंडक मोडला जाऊं लागला, केसांच्या ठेवणीवरून बापलेकींचीं भांडणें होऊं लागलीं, आणि हातांत लहानशी पेटी घेऊन घर सोडून जाणारी सतरा वर्षांची मुलगी वर्तमानपत्रांच्या चांगली परिचयाची झाली.

ह्या मुली बिघडल्या कां, असा प्रश्न तेथील वडील पिढीनें केला व त्याचीं उत्तरेंहि तिनेंच दिलीं. कोणी युद्धाला दोष दिला, कोणी सिनेमाला, कोणी अमेरिकन संगीताला, तर कोणी खिशांत खुळखुळणाऱ्या पैशाला. ह्या प्रत्येक उत्तरांत थोडेंबहुत तथ्य आहे. तथापि इतक्या वर्षांनंतर आज त्या काळाकडे पाहिलें असतां एक गोष्ट स्पष्ट दिसते. कमावती म्हणून समाजानें त्या मुलीला पंधराव्या वर्षीं पत्करलें होतें. स्वतंत्र व्यक्ति म्हणून मात्र तो तिला एकविसाव्या वर्षीं पत्करणार होता. मधल्या सहा वर्षांत ती ना धड लहान होती, ना धड मोठी. तिचें बंड समजून घ्यावयाचें तर हीं सहा वर्षें समजून घेतलीं पाहिजेत.

१९३८ ते १९४२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलीचें बाळपण कसें गेलें, हें प्रथम पाहिलें पाहिजे. युद्ध सुरू होतांच, १९३९ च्या सप्टेंबरांत, बाँबच्या भीतीनें अवघ्या कांहीं दिवसांत सुमारें पंधरा लक्ष मुलें व माता मोठ्या शहरांतून खेड्यापाड्यांत हलविण्यांत आल्या. बाप सैन्यांत गेला. आई दारूगोळ्याच्या कारखान्यांत किंवा बसगाडीवर तिकिटें देण्याच्या कामावर गेली. १९४१ च्या डिसेंबरांत तर वीस ते तीस वर्षांच्या अविवाहित स्त्रियांना राष्ट्रकार्यासाठीं सक्तीनें बोलावण्याचा कायदाच झाला. म्हणजे ह्या मुलीनें डोळे उघडून पाहिलेली पहिली स्त्री ही कामावर जाणारी, पगार आणणारी, बंद गाड्या दुरुस्त करणारी स्त्री होती. युद्ध संपलें, बाप परत आला, आणि त्याच आईला आतां घरीं बसून चूल सांभाळण्याचा उपदेश होऊं लागला. कित्येक मुलींना तर बाप हा चार-पांच वर्षांनीं प्रथमच नीट दिसला. आणि दिसला तो हुकूम देतांनाच. हा अनुभव त्यांच्या मनांत खोल रुजला असल्यास नवल नाहीं.

त्यांत भर पडली ती टंचाईची. युद्ध संपल्यावरहि ब्रिटनमधील रेशन संपलें नाहीं. कपड्यांवरील कुपनें १९४९ च्या मार्चपर्यंत चालू होतीं. गोळ्या-चॉकलेटें मोकळेपणानें मिळूं लागलीं तीं १९५३ च्या फेब्रुवारींत, आणि मांसावरील निर्बंध उठून रेशनचें पुस्तक कायमचें बंद झालें तें १९५४ च्या जुलईंत. म्हणजे १९४० सालीं जन्मलेली मुलगी चौदा वर्षांची होईपर्यंत खाण्यापिण्याच्या अनेक वस्तु मोजूनमापूनच पाहत आली होती. आईचा जुना कोट उसवून त्याचाच तिला झगा होई. घरांचीहि तीच अवस्था. बाँबनें पडलेलीं घरें पुन्हा उभीं राहण्यास वर्षानुवर्षें लागलीं. १९५१ च्या शिरगणतींत असें आढळून आलें कीं, एकतृतीयांशाहून अधिक कुटुंबांना घरांत कायमची न्हाणी नव्हती. अशा घरांत मुलीला स्वतःची खोली कोठून असणार? बहिणींनीं एका बिछान्यांत निजावें, चुलीपुढें पत्र्याच्या टबांत आळीपाळीनें आंघोळ करावी, आणि मनांतील गोष्ट मनांतच ठेवावी, असा तो काळ होता.

अशा ह्या मुलीला राज्यानें एक मोठी देणगीहि दिली होती. १९४४ च्या शिक्षणविषयक कायद्यानें माध्यमिक शिक्षण सर्वांना मोफत झालें, आणि १९४७ च्या एप्रिलपासून शाळा सोडण्याचें किमान वय चौदावरून पंधरावर गेलें. परंतु ह्या देणगीला एक चाळणी लावलेली होती. अकराव्या वर्षीं प्रत्येक मुलाची परीक्षा होई. तींत वर येणारी पांचांत किंवा चारांत एक मुलें ग्रामर स्कुलांत जात व तेथून पुढें विद्यापीठाची वाट धरूं शकत. बाकीचीं बहुतेक मुलें 'सेकंडरी मॉडर्न' नांवाच्या शाळांत जात व पंधराव्या वर्षीं बाहेर पडत. अकराव्या वर्षीं मुली सामान्यतः मुलांच्या पुढें असतात हें शिक्षकांना ठाऊक असतें. परंतु कांहीं जिल्ह्यांत मुलींसाठीं ग्रामर स्कुलांतील जागा कमी असल्यामुळें तेथें प्रवेश मिळविण्यास मुलीला मुलापेक्षां अधिक गुण मिळवावे लागत. जिला अकराव्या वर्षीं वगळलें, तिला पुढें बहुधा स्वयंपाक, शिवण व घरकाम ह्यांचेंच शिक्षण मिळे. हर्टफर्डशर परगण्याचे शिक्षणाधिकारी जॉन न्यूसम ह्यांनीं १९४८ सालीं मुलींच्या शिक्षणावर एक ग्रंथ लिहिला. बहुसंख्य मुलींचें शिक्षण त्यांच्या भावी गृहिणीपदाला अनुसरून असावें असाच त्याचा रोख होता. हा विचार करणारे गृहस्थ दुष्ट नव्हते. ते त्या काळचे सद्भावनेनें विचार करणारे शिक्षणतज्ज्ञ होते. हेंच ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

पंधराव्या वर्षीं शाळेचें दार मागें लागलें कीं कामाचें दार उघडें असे. पन्नाशीच्या दशकांत ब्रिटनमध्यें बेकारी जवळजवळ नव्हती. दुकानें, कारखाने, टंकलेखनाच्या कचेऱ्या, सर्वांना तरुण मुली हव्या होत्या. तोंवर उत्तरेकडील कामकरी वस्त्यांत अशी रीत होती कीं, मुलीनें शुक्रवारीं पगाराचें पाकीट न फोडतां आईच्या हातांत द्यावें व आई देईल तेवढे खर्चाचे पैसे मुकाट्यानें घ्यावे. आतां ही रीत पालटली. मुलगी जेवणखाण्याबद्दल एक ठराविक रक्कम आईला देऊं लागली व उरलेले पैसे स्वतःपाशीं ठेवूं लागली. पालटलें तें एवढेंच. परंतु कुटुंबाच्या इतिहासांत ही लहान गोष्ट नव्हे. पाकीट आईच्या हातीं होतें तोंवर मुलगी घरची आश्रित होती. तें तिच्या हातीं आलें त्या दिवसापासून ती घरांतील एक भाडेकरी झाली, आणि भाडेकऱ्याला किती वाजतां आलास असें कोणी विचारीत नाहीं.

ह्या पैशाकडे व्यापाऱ्यांचें लक्ष तत्काळ गेलें. मार्क अब्राम्स ह्या समाजसंशोधकानें १९५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका पुस्तिकेंत पंधरा ते पंचवीस वर्षांच्या अविवाहित तरुणतरुणींच्या खर्चाचा हिशेब मांडला. १९३८ च्या मानानें त्यांची खरी मिळकत निम्म्यानें वाढली असून प्रौढांच्या मिळकतीच्या वाढीपेक्षां हें प्रमाण दुप्पट आहे, असें त्यानें दाखवून दिलें. हा पैसा कपडे, ग्रामोफोनच्या तबकड्या, सिनेमा, सौंदर्यप्रसाधनें ह्यांवर खर्च होत होता. इंग्रजींत तेरापासून एकोणीसपर्यंतच्या अंकांच्या नांवांना 'टीन' हा शेवट असतो. त्यावरून अमेरिकेंत रूढ झालेला 'टीनएजर' हा शब्द ब्रिटिश दुकानदारांनीं व वर्तमानपत्रांनीं उचलला. त्यापूर्वीं माणूस लहान तरी असे किंवा मोठा तरी असे. आतां मधल्या वयाला नांव मिळालें; आणि ज्या गोष्टीला नांव मिळतें तिला अभिमानहि लवकरच फुटतो.

ह्याच सुमारास मुलींना बसण्याउठण्यास एक नवी जागा मिळाली. तेथील मद्यगृहांत अठरा वर्षांखालील व्यक्तीला दारू मिळत नसे, आणि एकट्या मुलीनें तेथें जाणें हें सभ्यपणाचें लक्षण मानीत नसत. १९५३ च्या सुमारास लंडनच्या सोहो भागांत वाफेच्या यंत्रावर इटालियन पद्धतीची कॉफी करून देणारीं उपाहारगृहें निघालीं व लवकरच इतर शहरांतहि पसरलीं. तेथें एका पेल्यावर दोन तास बसावें, सार्वजनिक ग्रामोफोनवर गाणें ऐकावें, मैत्रिणींशीं बोलावें. कोणी हटकीत नसे. १९५५ सालीं मेरी क्वांट ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणीनें चेल्सी भागांतील किंग्ज रोडवर 'बझार' नांवाचें कपड्यांचें दुकान काढलें. तोंवर सोळा वर्षांच्या मुलीनें आईसारखाच पोशाख लहान मापांत घालावा असा शिरस्ता होता. क्वांटच्या दुकानानें तरुण मुलीचा पोशाख हा आईच्या पोशाखाहून निराळा असूं शकतो, हें दाखविलें.

गरीब वस्त्यांतील मुली मात्र क्वांटच्या दुकानापर्यंत पोहोंचण्यासारख्या नव्हत्या. त्यांनीं आपला पोशाख आपणच शोधून काढला. १९५५ च्या जानेवारींत केन रसेल ह्या तरुण छायाचित्रकारानें, जो पुढें चित्रपट-दिग्दर्शक म्हणून प्रसिद्धीस आला, लंडनच्या पूर्व भागांतील अशा मुलींचीं चित्रें घेतलीं व त्यांतील कांहीं त्याच वर्षीं 'पिक्चर पोस्ट' साप्ताहिकांत छापून आलीं. पुरुषी घाटाचे लांब कोट, मखमली गळपट्ट्या, गुंडाळून वर घेतलेल्या विजारी, सपाट जोडे, आणि चेहऱ्यावर कोणाचीहि पर्वा न करणारा भाव; मागें बाँबनें उद्ध्वस्त झालेल्या घरांचे ढिगारे. हीं चित्रें पुढें अर्धशतकभर विस्मृतींत पडलीं होतीं. तरुण मुलांच्या टोळ्यांबद्दल वर्तमानपत्रांनीं रकानेच्या रकाने भरले. मुलींकडे त्या मानानें फारसें कोणी पाहिलें नाहीं. मोडक्या भिंतीपुढें उभी असलेली ती कोट घातलेली मुलगी काय सांगत होती? आपणांस जें जग मिळालें तें असें मोडकें मिळालें. निदान त्यांत उभें कसें राहावयाचें हें तरी आपण ठरवूं, एवढेंच तिचें म्हणणें असावें.

आतां कायद्याकडे वळलें पाहिजे, कारण खरी ठेंच तेथेंच लागत होती. ब्रिटनमध्यें मुलगा किंवा मुलगी एकविसाव्या वर्षापर्यंत कायद्यानें अज्ञान समजली जाई. मध्ययुगांत जड चिलखत अंगावर घालून घोड्यावर बसण्याइतकें बळ सरदारपुत्राला ज्या वयांत येई, त्यावरून ही मर्यादा आली असें सांगतात. टंकलेखन करणाऱ्या मुलीच्या आयुष्याशीं त्या चिलखताचा कांहींएक संबंध नव्हता. तरी तें ओझें तिच्या अंगावर होतेंच. हप्त्यानें ग्रामोफोन घ्यावयाचा तर बापाची सही लागे. शस्त्रक्रिया करावयाची तर डॉक्टर आईबापांची संमति मागत. इंग्लंडांत १९२९ च्या कायद्यानें विवाहाचें किमान वय सोळा ठरलें होतें. परंतु सोळा ते एकवीस ह्या वयांत आईबापांच्या संमतीवांचून विवाह करतां येत नसे. बाप नाहीं म्हणाला तर न्यायाधीशापुढें अर्ज करावा, अथवा सरहद्द ओलांडून स्कॉटलंडांत जावें. तेथें सोळाव्या वर्षानंतर अशा संमतीची अट नव्हती; मात्र विवाहापूर्वीं कांहीं आठवडे तेथें राहावें लागे. म्हणून सरहद्दीवरील ग्रेटना ग्रीन ह्या खेड्याचें नांव पळून जाणाऱ्या जोडप्यांमुळें घरोघरीं ठाऊक झालें होतें.

ह्याहून कठोर तरतूद दुसरीच होती. १९३३ च्या बालकविषयक कायद्यान्वयें सतरा वर्षांखालील मूल आपल्या हाताबाहेर गेलें आहे अशी तक्रार घेऊन आईबापांना स्वतःच त्याला बालन्यायालयापुढें उभें करतां येई. शिवाय 'नैतिक धोक्यांत' सांपडलेल्या मुलांना ताब्यांत घेण्याचीहि तरतूद होती. मुलगा न्यायालयांत येई तो बहुधा चोरी किंवा मारामारी केल्याबद्दल. मुलगी येई ती पुष्कळदां कोणताहि गुन्हा न करतां, केवळ उशिरां घरीं आल्यामुळें, कोणाबरोबर तरी फिरल्यामुळें किंवा घर सोडल्यामुळें. न्यायालय तिला घरापासून दूर सुधारशाळेंत पाठवूं शके. एकाच वर्तनाला मुलाच्या बाबतींत खोडकरपणा म्हणत व मुलीच्या बाबतींत धोका म्हणत. आईबापांचा हा थेट अधिकार १९६३ सालीं काढून घेण्यांत आला.

येथें मुलाची व मुलीची तुलना केल्यास आणखी एक गोष्ट दिसते. मुलालाहि एकविसाव्या वर्षापर्यंत मत नव्हतें. परंतु अठराव्या वर्षीं त्याला सक्तीच्या लष्करी सेवेचें बोलावणें येई, आणि कोरियांत किंवा मलायांत लढून आलेल्या पोराला घरांत कोणी लहान म्हणत नसे. ही सक्तीची भरती १९६० च्या अखेरीपर्यंत चालली. मुलीला मोठेपण मिळवून देणारा असा कोणताच गणवेश नव्हता. तिला घराबाहेर पडण्याची समाजमान्य अशी एकच वाट होती, ती म्हणजे लग्न. पन्नास व साठच्या दशकांत ब्रिटनमधील वधूंचें सरासरी वय उतरत गेलें, त्याचें एक कारण हेंहि असावें. किल्ली आईबापांकडून मिळत नाहीं तर नवऱ्याच्या घरीं मिळेल, अशी त्या मुलींची समजूत होती. पुष्कळींची ती समजूत खोटी ठरली.

ह्या साऱ्या परिस्थितीचें अत्यंत बोलकें उदाहरण म्हणजे शीला डिलेनी. मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्ड ह्या गिरण्यांच्या व गोद्यांच्या शहरांत २५ नोव्हेंबर १९३८ रोजीं तिचा जन्म झाला. बाप बसगाड्यांवर तपासनीस होता. अकराव्या वर्षाची ती परीक्षा शीला उतरली नाहीं, व म्हणून सेकंडरी मॉडर्न शाळेंत गेली. पुढें तिची बुद्धि पाहून शिक्षकांनीं तिला ग्रामर स्कुलांत हलविलें. सतराव्या वर्षीं शाळा सोडून तिनें दुकानांत, कचेरींत अशा किरकोळ नोकऱ्या केल्या. एकदां टेरेन्स रॅटिगन ह्या तेव्हांच्या मान्यवर नाटककाराचें एक नाटक तिनें मँचेस्टरांत पाहिलें, आणि ह्याहून बरें नाटक आपण लिहूं शकूं असें तिला वाटलें. थोड्याच आठवड्यांत तिनें तें लिहिलें व लंडनच्या पूर्व भागांत नाट्यसंस्था चालविणाऱ्या जोन लिटलवुड ह्या दिग्दर्शिकेकडे पाठवून दिलें. 'अ टेस्ट ऑफ हनी', म्हणजे मधाची चव, हें त्याचें नांव. २७ मे १९५८ रोजीं त्याचा पहिला प्रयोग झाला तेव्हां लेखिका एकोणीस वर्षांची होती.

ह्या नाटकांतील जो ही शाळकरी मुलगी एका कळकट खोलींत आईबरोबर राहते. दोघींना बिछाना एकच. आई हेलन ही रंगेल, बेपर्वा, पण अगदींच निर्दय नव्हे अशी स्त्री. शाळा सोडावी, नोकरी धरावी व स्वतंत्र राहावें हा मुलीचा बेत. आई नव्या प्रियकराबरोबर निघून जाते. मुलगी एका काळ्या खलाशाच्या प्रेमांत पडते. तो समुद्रावर जातो व तिला दिवस राहतात. समाजानें वाळींत टाकलेला एक समलिंगी तरुण तिची सेवाशुश्रूषा करतो, आणि शेवटीं परत आलेली आई त्यालाहि हांकलून लावते. त्या काळीं प्रत्येक नाटकाला राजदरबारच्या एका अधिकाऱ्याची मंजुरी लागे, व तसल्या विषयांना रंगभूमीवर बंदीच असे. तरीहि हें नाटक रंगभूमीवर आलें व गाजलें. त्यांतील जोचें बंड हें घोषणांचें बंड नव्हे. उघड्या विजेच्या दिव्याचा प्रकाश तिला सोसत नाहीं. त्याच्याभोंवतीं कांहींतरी आडोसा करावा म्हणून ती पहिल्याच प्रवेशांत धडपडते. तिला हवें होतें तें एवढेंच: थोडा आडोसा, एक स्वतःचा कोपरा, आणि आपल्या आयुष्याची बरीवाईट जबाबदारी.

१९५९ च्या फेब्रुवारींत हें नाटक लंडनच्या मुख्य नाट्यवस्तींत गेलें. १९६१ सालीं त्याचा चित्रपटहि निघाला, व त्यांत जोची भूमिका करणारी रिटा टशिंगहॅम ही तरुण नटी १९६२ च्या कान महोत्सवांत गौरविली गेली. परंतु त्यांतील एक तपशील विशेष सूचक आहे. ८ ऑक्टोबर १९५९ रोजीं ब्रिटनमध्यें सार्वत्रिक निवडणूक झाली. त्या दिवशीं शीला डिलेनी ही सर्व देशाला ठाऊक असलेली नाटककार होती. तिच्या नाटकावर तिकीटविक्रीचे व्यवहार चालले होते. आणि तरीहि तिला मत देतां आलें नाहीं. एकवीस वर्षें पुरीं होण्यास तिला सात आठवडे कमी होते.

शीलाच्या हातीं लेखणी होती. जिच्या हातीं ती नव्हती तिचें काय झालें, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण बापाची भीति सर्वस्वीं निराधार नव्हती. मधाच्या चवीची किंमत मुलालाहि द्यावी लागे असें नव्हतें. मुलीला मात्र ती सगळी द्यावी लागे. अविवाहित मुलीला दिवस गेले तर तिला गुपचूप धर्मसंस्थांनीं चालविलेल्या वसतिगृहांत पाठवीत. तेथें तिनें प्रसूत व्हावें, कांहीं आठवडे मूल सांभाळावें, आणि मग तें दत्तक देऊन रिकाम्या हातांनीं घरीं यावें. संमतीच्या कागदावर सही तिची असे. इच्छा पुष्कळदां दुसऱ्यांची. ब्रिटिश पार्लमेंटच्या मानवी हक्कविषयक संयुक्त समितीनें २०२२ सालीं ह्या प्रकरणाची चौकशी केली. १९४९ ते १९७६ ह्या काळांत इंग्लंड व वेल्समध्यें अविवाहित मातांचीं सुमारें १,८५,००० मुलें अशा रीतीनें दत्तक गेलीं, असा अंदाज त्या समितीनें दिला आहे. त्या माता साक्ष देण्यास आल्या तेव्हां सत्तरी-ऐंशींच्या घरांत होत्या. मुलीचें रक्षण करावें म्हणून जो समाज तिला एकविसाव्या वर्षापर्यंत लहान मानीत होता, त्यानेंच तिच्यावर संकट येतांच तिला एकटें सोडलें. रक्षणाचा हा दावा किती पोकळ होता, हें त्या आंकड्यावरून दिसून येतें.

हळूहळू कायदा शहाणा झाला. १९६५ सालीं सरकारनें न्यायमूर्ति लेटी ह्यांच्या अध्यक्षतेखालीं सज्ञानतेच्या वयाचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. तिनें १९६७ सालीं अहवाल सादर केला व एकवीसच्या जागीं अठरा वर्षें ही मर्यादा असावी अशी शिफारस केली. त्यानुसार १९६९ चा कायदा झाला व १ जानेवारी १९७० पासून अठरा वर्षांची व्यक्ति ब्रिटनमध्यें सज्ञान ठरली. सोळा वर्षांनंतर स्वतःच्या औषधोपचारास संमति देण्याचा अधिकारहि त्याच कायद्यानें दिला. मतदानाचें वयहि त्याच सुमारास अठरावर आलें. १९७० सालीं समान कामाला समान वेतन देणारा कायदा संमत होऊन १९७५ च्या अखेरीस अंमलांत आला. शाळा सोडण्याचें वय १९७२ सालीं सोळावर गेलें. अशा रीतीनें शाळेचें वय वर सरकलें, सज्ञानतेचें वय खालीं उतरलें, आणि मधली सहा वर्षांची दरी दोन वर्षांवर आली. दरी अरुंद झाली तसें तें बंडहि ओसरलें, असें म्हणतां येणार नाहीं. तरुणपणाचें बंड कोणत्याच काळीं अजिबात ओसरत नाहीं. परंतु घर सोडणाऱ्या मुलीला आईबापांनीं थेट न्यायालयांत नेणें, हा त्यावरील उपाय उरला नाहीं.

आपल्याकडील वाचकाला ह्यांत एक गोष्ट नवलाची वाटेल. हिंदुस्थानांतील इंग्रज सरकारनें १८७५ सालीं येथें सज्ञानतेचा कायदा केला, त्यांत विवाह, दत्तक इत्यादि बाबी वगळून सामान्यतः अठरा हेंच वय ठरविलें होतें. म्हणजे जी गोष्ट इंग्रजांनीं पुण्यामुंबईच्या माणसाला १८७५ सालीं दिली, ती लंडनच्या माणसाला मिळण्यास आणखी पंचाण्णव वर्षें लागलीं! अर्थात् येथील मुलीला त्या अठराचा उपयोग किती झाला, हा प्रश्न निराळा. तिच्या लग्नाचें वय तर त्याच्या कितीतरी अगोदर येऊन जात असे. सोळावें वर्ष लागलें कीं पुत्राला मित्राप्रमाणें वागवावें, असें आपल्याकडील एक प्रसिद्ध सुभाषित सांगतें. त्यांत कन्येचा उल्लेख नाहीं. ब्रिटनमधील त्या मुलींचें सारें भांडण, थोडक्यांत सांगावयाचें तर, ह्या न झालेल्या उल्लेखाबद्दल होतें.

ह्या कथेचें शेवटचें पान तर अगदीं अलीकडचें आहे. आईबापांच्या संमतीनें सोळाव्या वर्षीं विवाह करण्याची १९२९ पासूनची मुभा इंग्लंड व वेल्समध्यें २०२३ च्या फेब्रुवारीपासून बंद झाली. तेथें आतां विवाहाचें किमान वय मुलामुलींना सारखेंच, म्हणजे अठरा, आहे. जें वय स्वतःच्या निर्णयाचें तेंच विवाहाचें, असा हा सरळ हिशेब जुळण्यास युद्ध संपल्यापासून पाऊणशें वर्षांहून अधिक काळ लागला. शीला डिलेनी तो पाहण्यास उरली नव्हती. २०११ च्या नोव्हेंबरांत तिचें निधन झालें. पुठ्ठ्याची किल्ली देण्याची ती चाल तेथें अद्यापि कोठें कोठें हौसेनें पाळतात. परंतु एकविसाव्या वाढदिवशीं ती किल्ली हातीं येते तेव्हां दाराची खरी किल्ली मुलीच्या पिशवींत कधींच येऊन पडलेली असते. आणि ती तेथें कशी आली हें आठवणाऱ्या स्त्रिया आतां आजीपणजी झाल्या आहेत.